शांत बीच शोधताय? बुकिंगच्या आधी एवढं बघून ठेवा

आधी बीच शोधायला बसूच नका. बरोबर जे जे येणारेत त्यांना विचारा की तुम्हाला नेमकं काय नकोय, आणि उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा. कुणाला रात्रीचं म्युझिक नको असतं, कुणाला माणसं चालतात पण जेट-स्कीची घरघर नको, कुणाला दर दोन मिनिटांनी समोर उभा राहणारा विक्रेता नको, आणि कुणाला समुद्रच शांत हवा असतो, लाटा नकोत, लहान मुलं सोबत असली तर हाच मुद्दा सगळ्यात वर. आता गंमत अशी की हे सगळं एका ठिकाणी मिळणं अवघड, कारण जिथे लाटा नाहीत तिथे बोटी नांगरायला सोयीचं असतं, मग दिवसभर इंजिनं चालू. त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या करा, बाकी मिळालं तर बोनस.

मग महिना. सुट्टी कधी मिळणार हे बहुतेकांचं ठरलेलं असतं, तरी आपण फोटो बघून आधी जागेच्या प्रेमात पडतो आणि तिकीट काढल्यावर हवामान चेक करतो. हे उलटं करा: महिना हातात धरून जागा शोधा. आणि नुसत्या देशाचं हवामान बघून भागत नाही, किनारा कुठल्या बाजूचा आहे ते बघावं लागतं. श्रीलंकेचंच घ्या, मे ते सप्टेंबर नैऋत्य किनाऱ्यावर पाऊस आणि खवळलेला समुद्र, त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमाली, अरुगम बे मस्त कोरडं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर पावसाची पाळी. थायलंडमध्ये पण तसंच, अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे फुकेत, क्राबी, को लांता वगैरे, साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा, पण थायलंडच्या आखाताच्या बाजूला को समुईला खरा धो धो पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे जुलैमध्ये 'थायलंडला जाऊ नका, पाऊस असतो' असं कुणी म्हणालं तर विचारा, कुठल्या बाजूला?

कॅरिबियनचा विचार असेल तर अटलांटिकचा हरिकेन सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबर जास्त धोक्याचा. अरुबा, बोनेर, कुरासाव ही दक्षिणेकडची बेटं हरिकेनच्या नेहमीच्या वाटेच्या बाहेर पडतात म्हणून त्या महिन्यांत लोक तिकडे वळतात (तिथे एकही वादळ येत नाही असं मात्र धरून चालू नका). शिवाय सारगॅसम नावाचं तपकिरी तरंगतं शेवाळ, २०११ पासून जवळजवळ दरवर्षी उन्हाळ्याच्या आसपास ढिगांनी किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतं. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आणि बेटांच्या पूर्वेकडच्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या किनाऱ्यांवर त्रास जास्त, पश्चिमेच्या आडोशाला बराच कमी. बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, समुद्र प्लास्टिकचा कचरा आणून टाकतो. ब्रोशरमध्ये ह्यातलं काहीही दिसत नाही.

महिना ठरला की त्या महिन्यात सुट्ट्या कुणाच्या आहेत ते बघा, आपल्या नाही, तिथे येणाऱ्यांच्या. ख्रिसमस ते न्यू इयर, ईस्टर, चिनी नववर्ष, ह्या दिवसांत एरवी ओसाड असलेला किनारासुद्धा भरतो. माझ्या मते सगळ्यात बरा काळ म्हणजे सीझन सुरू व्हायच्या किंवा संपायच्या तोंडावरचे दोन-तीन आठवडे, एखादी सर येऊन जाते पण खुर्च्या रिकाम्या. भर ऑफ-सीझनला जाऊन शांतता मिळते खरी, पण अर्धी हॉटेलं बंद, बोटीच्या फेऱ्या कमी, पाण्यात जायला लाल झेंडा, आणि तुम्ही रूममध्ये बसून पाऊस बघताय.

नावावरून अख्खं बेट बाद करू नका हे मुद्दाम लिहून ठेवा. थायलंडचं को फांगान म्हटलं की पौर्णिमेच्या रात्रीची फुल मून पार्टी, लोक तिथेच थांबतात, पण ती होते दक्षिणेच्या टोकाला हाद रिनला, बेटाच्या उत्तरेला आणि ईशान्येला त्याच रात्री सामसूम असते, फक्त पौर्णिमेच्या आगेमागे फेरीबोट आणि रूम महाग आणि फुल, एवढं लक्षात घेऊन तारखा हलवा. इंडोनेशियात लोम्बोकजवळची तीन गिली बेटं शेजारी शेजारी, तिन्हीवर मोटारगाड्या नाहीत, तरी त्रावांगान पार्टीचं आणि मेनो सगळ्यात निवांत, मधे बोटीची थोडीशी वाट. मालदीवच्या लोकवस्तीच्या बेटांवर दारू मिळत नाही त्यामुळे बीच-बारचा प्रश्नच मिटतो, रिसॉर्टच्या बेटांचं गणित वेगळं. उलट ज्या जागेचा फोटो सगळ्यांच्या स्क्रीनवर फिरतोय तिथे शांतता शोधणं म्हणजे यात्रेत एकांत शोधणं: थायलंडची माया बे २०१८ मध्ये गर्दीपायी बंद करावी लागली आणि २०२२ च्या जानेवारीत उघडली तेव्हा माणसं मोजून सोडायला लागले, फिलिपिन्सने तर अख्खं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवलं होतं.

आता नकाशा, आणि इथे मात्र वेळ घालवा. सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि किनारा पूर्ण झूम करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जा. किनाऱ्यापासून थोडं आत पांढरी तुटक रेघ दिसली तर तिथे लाटा फुटतायत, म्हणजे बहुधा रीफ (पाण्याखालची प्रवाळाची रांग) आहे आणि अलीकडचं फिकट हिरवं-निळं पाणी संथ. रेघ वाळूलाच चिकटलेली असेल तर लाटा थेट अंगावर. सेशेल्सच्या ला दीग बेटावर हे दोन्ही प्रकार सापडतात, आन्स सूर्स दार्जांला रीफचा आडोसा आणि पाणी उथळ, तर दुसऱ्या बाजूच्या ग्रांद आन्सला ओढ इतकी की पोहू नका म्हणून बोर्ड लावलेत. पाण्यात बारक्या पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसली तर बोटी. त्यानंतर हॉटेलच्या आजूबाजूला बघा, मागे मुख्य रस्ता, शेजारी मातीचा मोकळा पट्टा (बांधकाम येतंय!), विमानाची धावपट्टी कुठल्या दिशेला, क्रूझचा धक्का किती लांब. काइटसर्फिंगच्या शाळा एका ओळीत दिसल्या तर समजायचं की इथे वारा दणकून वाहतो, पडून पुस्तक वाचायचा प्लॅन असेल तर दुसरीकडे.

भरती-ओहोटीचं टेबल बघायचं कुणाच्याच यादीत नसतं, ते घालाच. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीकडे, ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समोर नुसती ओली वाळू, डबकी, शेवाळशेतीच्या खुंट्या आणि मधेमधे सी-अर्चिन (काट्यांच्या गोळ्यासारखे समुद्री जीव), पोहायचं तर पुढच्या भरतीपर्यंत थांबा. उत्तर टोकाला नुंग्वी-केंद्वाला हा फरक इतका जाणवत नाही, म्हणून तिथे गर्दी जास्त, म्हणजे पुन्हा निवड तुमची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा फरक कमी. शिवाय वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी आठला भरती असेल तर आठवड्याभरात ती दुपारवर जाते. आठ दिवस राहणार असाल तर कुठले चार दिवस पोहायचे आणि कुठले फिरायचे हे घरी बसून ठरतं. कॅरिबियनमध्ये भरती-ओहोटीचा फरक फारच कमी, तिथे ह्या भानगडीत पडू नका.

शांत बीच म्हणजे बहुतेक वेळा लाइफगार्ड नसलेला बीच, त्यामुळे पोहणाऱ्यांनी हे वाचून ठेवा: पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमून जाल, तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग किनाऱ्याकडे वळा. उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे अतिविषारी बॉक्स जेलीफिश असतात, तिथे जाळी लावलेल्या भागाबाहेर पाण्यात उतरायचं नाही. खारफुटी जवळ असेल तर बारीक चावऱ्या माश्या संध्याकाळी पाय फोडून काढतात, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणीच्या जोडीला अंगाला लावायचं रिपेलंट बॅगेत हवंच.

रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका. सर्चमध्ये 'म्युझिक', 'जनरेटर', 'कन्स्ट्रक्शन', 'डिस्को' असे शब्द टाका आणि फक्त तुमच्या महिन्यातले, अलीकडचे रिव्ह्यू वाचा. 'लोकेशन एकदम हॅपनिंग' असं कुणी पाच स्टार देऊन लिहिलं असेल तर ती आपल्यासाठी वॉर्निंग. मग हॉटेलला मेसेज टाका आणि थेट प्रश्न विचारा: रूम बारपासून किती लांब, जनरेटर कुठे, शेजारी काम चालू आहे का, लग्न-इव्हेंट बुक आहेत का त्या तारखांना. 'डोन्ट वरी, व्हेरी पीसफुल' एवढंच उत्तर आलं तर पुढचं हॉटेल बघा.

बाकीचं पटापट. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक मानली जाणारी रसायनं नसलेलं घ्या, पॅसिफिकमधल्या पलाऊ देशात २०२० पासून आणि थायलंडच्या समुद्री नॅशनल पार्कांत २०२१ पासून बंदी आहे, हवाईत विक्रीच बंद. रीफवर चालायला रबरी तळाचे शूज, थोडी कॅश कारण छोट्या बेटावर एटीएम असेलच असं नाही आणि असलं तरी रिकामं असतं, ऑफलाइन नकाशा, नेहमीची औषधं पूर्ण दिवसांची. बुकिंग पहिल्या दोन-तीन रात्रींचंच पक्कं करा, पुढचं कॅन्सल होणारं ठेवा, आवाज निघाला तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला सरकता येतं. आणि फेरीचं शेवटचं टायमिंग विचारताना समुद्र खवळला तर फेरी रद्द होते का तेही विचारा, होत असेल तर परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशीच विमानतळाच्या बाजूला येऊन मुक्काम करा, एक रात्र बीचशिवाय गेली तरी चालेल.