टूर्नामेंट पोकरमध्ये बेट किती टाकायची, हे कसं ठरवावं

कोणते पत्ते खेळायचे आणि कोणते टाकायचे, हे पोकर शिकणाऱ्याला तसं लवकर उमगतं. गाडी अडते ती पुढे: बेट टाकायची, म्हणजे चिप्स लावायच्या, पण किती? बरेच जण हातातले पत्ते बघून आकडा ठरवतात. भारी पत्ते आले की मोठी बेट, जेमतेम आले की छोटी. शेजारी बसलेल्या सावध खेळाडूला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. माझ्या मते आकडा शिल्लक चिप्सवरून ठरवावा, आणि तोही शेवटच्या पत्त्यापासून उलट मोजत. कसं, ते खाली सांगतो. हे सगळं नो-लिमिट होल्डेमसाठी आहे: हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी पाच, आणि हव्या तेवढ्या चिप्स लावायची मुभा.

१. आधी स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये मोजा

स्टॅक म्हणजे तुमच्याकडच्या एकूण चिप्स, आणि बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच एका खेळाडूला भरावी लागणारी रक्कम. तुमच्याकडे ३०,००० चिप्स आहेत, याला एकटा काही अर्थ नाही. बिग ब्लाइंड १,००० असेल तर तुमच्याकडे ३० बिग ब्लाइंड आहेत. थोड्या वेळाने ब्लाइंड २,००० झाला की त्याच चिप्सचे १५ उरतात आणि खेळ पार बदलतो. समोरच्याचा स्टॅकही बघा. तुमच्याकडे ६० आणि त्याच्याकडे १२ असतील, तर त्या डावापुरते तुम्हीही १२ चेच खेळाडू. दोघांत ज्याचा स्टॅक कमी, तोच हिशेबाला धरायचा.

२. पहिला रेज छोटा ठेवा

पूर्वी तीन बिग ब्लाइंडचा रेज (आधीच्या रकमेपेक्षा वाढवून लावणं) सर्रास चालायचा. आता बहुतेक टूर्नामेंटमध्ये दोन ते अडीच पुरतो, आणि त्यामागे साधं गणित आहे. स्मॉल ब्लाइंड (दुसऱ्या एका खेळाडूची तशीच, पण छोटी रक्कम) अर्धा, बिग ब्लाइंड एक आणि अँटी (डावाआधी भरायची आणखी एक रक्कम) एक धरली, तर पत्ते वाटतानाच पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, अडीच बिग ब्लाइंड असतात. ते उचलायला तुम्ही दोन लावलेत, तर शंभरात साधारण ४५ वेळा सगळ्यांनी फोल्ड केलं (पत्ते टाकून दिले) तरी तुमचा खर्च निघतो. तीन लावलेत तर ५५ वेळा फोल्ड हवेत. बक्षीस तेवढंच, धोका मात्र दीडपट.

कोणी आधीच नुसता कॉल करून (न वाढवता तेवढीच रक्कम भरून) आत आला असेल, तर अशा प्रत्येकामागे एक बिग ब्लाइंड वाढवा. स्मॉल ब्लाइंडमधून रेज करताना तीनपर्यंत जा, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्हालाच आधी बोलायचं (चाल करायची) असतं. दुसऱ्याच्या रेजवर रेज करायचा असेल, तर तुम्ही त्याच्यानंतर बोलणार असाल तेव्हा त्याच्या रकमेच्या तिप्पट आणि आधी बोलणार असाल तेव्हा चौपटीच्या आसपास.

३. फ्लॉप बघा, पण नजर रिव्हरवर ठेवा

टेबलावर आधी तीन पत्ते एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथा पत्ता टर्न, पाचवा आणि शेवटचा रिव्हर. सगळ्यात जास्त चिप्स इथेच वाया जातात, म्हणून एक डाव सविस्तर बघू. ब्लाइंड ५०० आणि १,०००, अँटी १,०००. तुम्ही बटनवर (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायची जागा), स्टॅक ३०,०००, हातात एक्का आणि राजा. तुम्ही २,२०० चा रेज केला, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, बिग ब्लाइंडने कॉल केला. त्याचा स्टॅक तुमच्याएवढाच आहे. पॉट ५,९००, तुमच्याकडे शिल्लक २७,८००.

फ्लॉप: इस्पिकचा राजा, चौकटची सत्ती, किलवरची दुर्री. कोरडा फ्लॉप. कलर जुळायची शक्यता नगण्य, सिक्वेन्स तर लांबच. इथे पॉटच्या एक तृतीयांश, म्हणजे २,००० पुरे. या आकड्याला सत्तीची जोडीवालाही कॉल करतो, आणि तेच तर हवंय. त्याने कॉल केला, पॉट ९,९००.

टर्नला बदामची तिर्री. आता विचार करा: रिव्हरला सगळ्या चिप्स आत जाव्यात, पण पॉटच्या मानाने अवाढव्य दिसू नयेत, यासाठी आज किती टाकायला हवं? उरलेत २५,८००. तुम्ही ६,००० टाकले आणि कॉल आला, तर पॉट २१,९०० होतो आणि हातात १९,८०० उरतात. रिव्हरचा ऑल-इन (उरलेल्या सगळ्या चिप्स लावणं) पॉटपेक्षा थोडा कमी, अगदी पटण्यासारखा. टर्नला भीतभीत ३,०००च टाकले असते, तर १५,९०० च्या पॉटमध्ये २२,८०० ढकलायची वेळ आली असती. तेव्हा हलक्या जोडीवाला बहुधा पळतो आणि तुम्हाला हरवणाराच थांबतो.

हाच आकडा ब्लफलाही (हलक्या पत्त्यांवर भारी असल्याचा आव आणून टाकलेली बेट) वापरा. रिव्हरला २१,९०० साठी १९,८०० लावता, तेव्हा समोरच्याने जवळपास निम्म्या वेळा फोल्ड केलं तर तो ब्लफ परवडतो. अर्ध्या पॉटच्या ब्लफला तीनदा एकदा फोल्ड पुरतो, एक तृतीयांशला चारदा एकदा. हे तीन आकडे तोंडपाठ करा. बेट टाकण्याआधी स्वतःला विचारा की हा माणूस इतक्या वेळा पत्ते टाकेल का. उत्तर नाही असेल, तर ब्लफ राहू द्या.

फ्लॉप ओला असेल, समजा गुलाम, दश्शी, सत्ती आणि त्यातले दोन बदामचे, तर वरची छोटी बेट चालणार नाही. समोरच्याला कलर किंवा सिक्वेन्सचा पत्ता स्वस्तात बघायला मिळतो. अशा वेळी पॉटच्या दोन तृतीयांश किंवा त्याहून थोडं जास्त टाका, मात्र अशी बेट कमी वेळा टाका. मध्यम पत्ते असतील तर चेक करणं (बेट न टाकता पाळी पुढे देणं) बरं.

४. स्टॅक आटला की अर्धवट बेट नको

आठ बिग ब्लाइंड उरलेत आणि तुम्ही अडीचचा रेज केलात. ब्लाइंडबाहेरच्या कोणी ऑल-इन केलं, तर आता १३ च्या पॉटसाठी तुम्हाला साडेपाच भरायचेत. शंभरात ३० वेळा जिंकलात तरी कॉल बरोबर, म्हणजे पत्ते टाकायची सोय उरलीच नाही. मग आधीच ऑल-इन का नको? त्याने समोरच्याला फोल्ड करायची संधी तरी मिळते. साधारण दहा बिग ब्लाइंडच्या खाली ऑल-इन किंवा फोल्ड, एवढंच ठेवा. त्याच्या वरही एक नियम पाळा: बेटमध्ये स्टॅकचा तिसरा हिस्सा जाणार असेल, तर थांबून बघा, सगळंच का लावू नये?

५. बक्षिसाची रेषा जवळ आली की आकडे उतरवा

टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची आशा दुप्पट होत नाही. सगळ्या चिप्स जिंकणाऱ्यालाही पहिलं बक्षीसच मिळतं. त्यामुळे बक्षिसाच्या उंबरठ्यावर हरलेली चिप जिंकलेल्या चिपेपेक्षा महाग पडते. तुमचा स्टॅक टेबलावर सगळ्यात मोठा असेल, तर छोट्या बेटनेही मधल्या स्टॅकवाले घाबरतात, कारण त्यांच्यामागे बाहेर पडायची भीती असते. तुम्ही स्वतः मधले असाल, तर मोठ्या स्टॅकवाल्याशी पॉट फुगवू नका. तो तुम्हाला घरी पाठवू शकतो, तुम्ही त्याला नाही.

६. बेट टाकताना हात आणि तोंड दोन्ही वापरा

प्रत्यक्ष टेबलावर आकडा आधी मोठ्याने सांगा, मग चिप्स पुढे करा. न बोलता एकच मोठी चिप टाकलीत, तर रेजऐवजी नुसता कॉल धरला जातो. चिप्स दोन हप्त्यांत सरकवल्या, तर दुसरा हप्ता परत घ्यावा लागू शकतो. रेजही हवा तेवढा छोटा करता येत नाही: निदान आधीच्या वाढीएवढी वाढ हवी. १,००० च्या ब्लाइंडवर कोणी २,२०० केले असतील, तर वाढ १,२०० ची झाली, म्हणून तुमचा रेज कमीत कमी ३,४०० चा.