तांब्याचा बंब: झाळून घ्यावा की मोडीत द्यावा

बंब गळतो म्हणून लगेच मोडीत घालू नका. आधी गळती कुठली ते बघा. रात्री काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी तोटीखाली ओल असेल तर नुसता वॉशर गेलाय, काम दहा मिनिटांचं.

जाळीखालच्या राखेत ओल असेल तर मधला नळा, म्हणजे ज्यात जाळ पेटतो तो, तपासा. बंब रिकामा करा, जाळी काढा, अंधारात बंबाच्या आत, पाण्याच्या बाजूला बॅटरी धरा आणि नळ्यात खालून बघा. एखाद-दुसरा उजेडाचा ठिपका दिसला तर तांब्याचं ठिगळ पुरतं. चाळणीसारखे ठिपके, किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर ठिगळं लावत बसू नका. तांबटाकडून नळाच नवा घाला. बाहेरची टाकी सहसा ठणठणीत असते. तीही चिरली असेल तरच मोड.

झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावतात तो धातू, कसली, हे मात्र आधी विचारून घ्या. शिसं-कथलाची झाळ १९० अंशांच्या आतच वितळू लागते. पाणी आहे तोवर टिकते, एकदा कोरडा पेटला की सुटते. जाळाच्या बाजूला पितळी झाळच हवी.

सांगली जिल्ह्यातल्या जतकडच्या क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने नळ्यावर पांढरं कीटण बसतं. मग लाकूड जास्त लागतं आणि पत्राही तापून झिजतो. २० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून बंबात दोन-तीन तास ठेवा. फेस थांबला की ओतून द्या, दोनदा खळबळा.