परदेशात मुलांना व्हीलचेअर द्यायला जाताय? आधी हे वाचा

चर्चच्या टीमसोबत दिव्यांग मुलांना व्हीलचेअर द्यायला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच पक्की करा, मापात न बसणारी खुर्ची देण्यापेक्षा न दिलेली बरी, कारण मोठ्या खुर्चीत मूल एका बाजूला कलतं, पाठ वाकडी होत जाते, आणि स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्या मुलाला खाली जखम झाली तरी अनेकदा कळत नाही कारण तिथे संवेदनाच नसते.

त्यामुळे एकटं जाऊ नका, अनुभवी संस्थेसोबत जा. जॉनी अँड फ्रेंड्स या अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थेचा व्हील्स फॉर द वर्ल्ड उपक्रम आहे, त्यात जुन्या खुर्च्या अमेरिकेतल्या तुरुंगांमधले कैदी दुरुस्त करतात (मला ही गोष्ट फार भावते) आणि मग बाहेरच्या देशात थेरपिस्ट एकेका मुलाला त्या बसवून देतात. जायच्या आधी जागतिक आरोग्य संघटनेचं व्हीलचेअर सेवेचं बेसिक ट्रेनिंग मटेरियल वाचाच, फुकट मिळतं.

आता माप. मुलाला सपाट, टणक जागेवर सरळ बसवा, आईला शेजारी ठेवा. कमरेची रुंदी घ्या, सीट तेवढीच हवी, "वाढतं अंग आहे, घ्या मोठी" असं अजिबात नको, वाढीसाठी ॲडजस्ट होणारी खुर्ची निवडा. मग पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत लांबी, त्यातून ३ ते ५ सेंमी कमी करा म्हणजे गुडघ्यामागे सीट रुतणार नाही. शेवटी, पाय ठेवायच्या पट्टीसाठी, गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून टाचेपर्यंत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असेल, मान किंवा धड सावरत नसेल तर तिथे आपलं डोकं चालवायचं नाही, थेरपिस्टलाच बोलवायचं.

बसवल्यावर घाई नको, थोडा वेळ बसू द्या, चालवू द्या, मग उतरवून त्वचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर उशी बदला.

प्रार्थना करायची असेल तर घरच्यांना विचारून, आणि नको म्हणाले तरी खुर्ची तीच, तितक्याच प्रेमाने.

आणि दुरुस्ती कोण करणार हे निघायच्या आधी ठरवा. तिथल्या सायकलवाल्याला बोलवून चाक काढायला, ब्रेक आवळायला दाखवा, ट्यूब आणि बेअरिंग त्याच्याकडे ठेवा, मापांचा कागद घरी एक आणि तिथल्या थेरपिस्टकडे एक, सहा महिन्यांनी परत कोण बघणार त्याचं नाव कागदावर लिहून द्या.