दुभंगलेल्या शहराचा सामाईक आराखडा : सुरुवात गटारांपासून करावी

राजकीय तोडगा निघेपर्यंत थांबायचे ठरवले, तर दुभंगलेल्या शहराचे नियोजन सुरूच होत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत सीमेचा वाद न काढता, कोणत्याही एका बाजूला एकटीने सोडवता येणार नाही असा प्रश्न घ्यावा. सायप्रसमधील निकोसियात तो मैलापाण्याचा होता. डिसेंबर १९६३ मध्ये एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ओढलेली रेषा १९७४ च्या युद्धानंतर पक्की झाली आणि संपूर्ण शहरासाठी हाती घेतलेली भुयारी गटार योजना अर्धवट राहिली. बहुतेक जोडण्या दक्षिणेला ग्रीक सायप्रसवासीयांकडे, तर शुद्धीकरणाची जागा उत्तरेला तुर्की सायप्रसवासीयांकडे. मैलापाण्याला मात्र उतार तेवढा कळतो. लेलोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी हे दोन्ही बाजूंचे नगरप्रमुख याच कामासाठी एकत्र आले.

पुढची अडचण एकमेकांच्या प्रशासनाला मान्यता देण्याची असते आणि बोलणी बहुधा तिथेच फिसकटतात. कोणी कोणत्या पदनामाने सही करायची, हे आधी ठरवावे. निकोसियात ऑक्टोबर १९७९ मध्ये सामाईक आराखड्याचे ठरले, ते दोन समाजांचे प्रतिनिधी म्हणून आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या छत्राखाली. आंतरराष्ट्रीय संस्थेने निधी, तज्ज्ञ आणि तटस्थ जागा पुरवावी. नकाशावरची पेन्सिल मात्र स्थानिक नियोजनकारांच्याच हाती राहिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण परदेशी तज्ज्ञ निघून गेल्यावर आराखडा त्यांनाच राबवायचा असतो.

आराखडा दोन्ही शक्यता धरून करावा : शहर विभागलेलेच राहिले तर काय आणि उद्या एक झाले तर काय. आज बांधलेला रस्ता उद्याच्या जोडरस्त्याच्या आड येता कामा नये.

कामे जोडीने काढावीत. व्हेनिसकरांनी बांधलेल्या अकरा बुरुजांच्या तटबंदीच्या आत दक्षिणेला ख्रिसालिनिओतिसा आणि उत्तरेला अरबअहमद या वस्त्यांचे पुनरुज्जीवन झाले, त्यामुळे एका बाजूलाच झुकते माप मिळाल्याची तक्रार उरली नाही.

रेषा ओलांडण्याची वाट खुली करताना तारखेची घाई करू नये. निकोसियात या रेषेने तोडलेला लेद्रा रस्ता ३ एप्रिल २००८ रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला. त्याआधी दोन्ही बाजूंच्या मधल्या ओसाड पट्ट्यात स्फोटके नाहीत याची खात्री करून घ्यावी लागली आणि कित्येक वर्षे ओस पडलेल्या इमारतींच्या मोडकळीला आलेल्या भिंतींना टेकू द्यावे लागले.