कौन्सिलच्या अनुदानाचा अर्ज: समानतेचा रकाना कसा भरावा

ब्रिटनमध्ये कौन्सिलकडे (म्हणजे स्थानिक नगरपालिकेकडे) अनुदान मागताना मराठी मंडळं हॉलभाड्याचा हिशेब पेनीपर्यंत लावतात आणि ‘इक्वॅलिटी’च्या रकान्यात “आमचे कार्यक्रम सर्वांसाठी खुले आहेत” एवढं टाकून मोकळी होतात. या वाक्याला गुण मिळत नाहीत. दार उघडं आहे हे कळतं, पण आत कोण येऊ शकत नाही हे कळत नाही.

कौन्सिल हे हौसेनं विचारत नाही. इक्वॅलिटी ॲक्ट 2010 च्या कलम 149 नुसार भेदभाव थांबवणं, संधीची समानता वाढवणं आणि निरनिराळ्या समाजगटांत सलोखा राखणं, या तिन्हींचा विचार प्रत्येक निर्णयात करणं तिच्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला पैसे देणं हाही एक निर्णयच. उद्या कुणी जाब विचारला, तर तुमचा अर्ज हाच तिच्या फाइलमधला पुरावा असतो. (हे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचं. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.)

1. कागदपत्रं. मंडळाची घटना (नियमावली), बँक खातं, सेफगार्डिंग धोरण (मुलं आणि असहाय प्रौढ यांच्या सुरक्षिततेचं) हे तयार आहे असं धरून चालतो.

2. समानता धोरण. दोन पानं पुरतात. धोरण कुठल्या सभेत मंजूर झालं ती तारीख, तक्रार कोणत्या पदाधिकाऱ्याकडे करायची आणि फेरआढावा कधी, या तीन गोष्टी हव्यातच. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात ‘रेस रिलेशन्स ॲक्ट 1976’ किंवा ‘डिसॅबिलिटी डिस्क्रिमिनेशन ॲक्ट 1995’ चा आधार दिलेला दिसला तर तो नमुना टाकून द्या. तुमचं मंडळ ब्रिटनच्या मुख्य भूमीवर असेल तर त्या कायद्यांची जागा 2010 च्या कायद्यानं घेतली आहे. अर्ज तपासणाऱ्याला हे लगेच दिसतं आणि धोरण कुणी वाचलेलंच नाही हेही कळतं.

3. घटनेतलं सभासदत्वाचं कलम. 25 किंवा अधिक सभासद असतील आणि सभासद निवडून घेण्याचे नियम असतील, तर कायद्याच्या दृष्टीनं तुमची ‘असोसिएशन’ होते आणि कुणाला सभासद करता यालाही हा कायदा लागू होतो. एका राष्ट्रीयत्वाच्या किंवा वंशाच्या लोकांपुरतं सभासदत्व ठेवायला वाव आहे. त्वचेच्या रंगावरून ठेवायला मुळीच नाही.

आपल्याकडची खरी अडचण ज्ञातीमंडळांची. कायद्यात ‘जात’ असं वेगळं नाव घातलेलं नाही. पण 2014 च्या टिर्की विरुद्ध चंडोक खटल्यात अपिलीय न्यायाधिकरणानं म्हटलं की जात ही ‘वांशिक मूळ’ या व्याख्येत येऊ शकते, आणि 2018 मध्ये सरकारनं नवा कायदा न करता न्यायालयीन निर्णयांवरच विसंबायचं ठरवलं. तेव्हा “कायद्यात जात नाही, आपल्याला काय” या सल्ल्यावर जाऊ नका. घटनेत ज्ञातीचा उल्लेख असेल तर अर्जाआधी स्थानिक सीव्हीएसला (स्वयंसेवी संस्थांना मदत करणाऱ्या केंद्राला) दाखवा.

4. “कोणाला लाभ होईल आणि कोणी वगळलं जाणार नाही याची काळजी कशी घ्याल?” अर्ज आपटतात ते इथे.

पहिला घोटाळा भीतीचा. एका समाजासाठी काम करतो हे सांगितलं तर पैसे मिळणार नाहीत, असं वाटून लोक ते लपवतात. कारण नाही. लंडनमधल्या ईलिंग कौन्सिलनं ‘सर्वांसाठी एकच सेवा’ या नावाखाली साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या अल्पसंख्य समाजांतल्या पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं अनुदान थांबवायचं ठरवलं होतं. 2008 मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली. विशिष्ट गटासाठीची सेवा समानतेच्या आड येत नाही, किंबहुना कधी कधी तिच्यामुळेच समानता साधते, हे त्या निकालातून स्पष्ट झालं. 2010 च्या कायद्याचं कलम 158 सुद्धा अशा कामाला वाव देतं. मात्र त्या गटाची गैरसोय, वेगळी गरज किंवा फारच कमी सहभाग दाखवावा लागतो. “संस्कृती जपण्यासाठी” ही गरज होत नाही. “इंग्रजी न येणाऱ्या आजी-आजोबांना जीपीची (फॅमिली डॉक्टरची) पत्रं समजत नाहीत” ही होते.

गरजेला आकडा जोडा. इंग्लंड आणि वेल्समधल्या 2021 च्या जनगणनेचे वॉर्डनिहाय आकडे नोमिस या सरकारी आकडेवारीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पण ‘इंडियन’ या एकाच रकान्यात मराठी, गुजराती, पंजाबी सगळे येतात. तो अख्खा आकडा स्वतःच्या नावावर लावू नका, पकडलं जातं.

दुसरा घोटाळा कायद्यानं संरक्षण दिलेली नऊच्या नऊ वैशिष्ट्यं (वय, लिंग, वंश, धर्म वगैरे) ओळीनं लिहून प्रत्येकापुढे “काळजी घेऊ” लिहिण्याचा. त्यापेक्षा तीन किंवा चार अडथळे निवडा आणि प्रत्येकाला चार भाग द्या: अडथळा, उपाय, खर्च, मोजणी. उदाहरणार्थ: “सत्तरीपुढच्या सभासदांना संध्याकाळी बसनं येणं जमत नाही. वर्ग दुपारी 2 ला घेऊ आणि चौघांना टॅक्सी देऊ. 4 जण × 10 आठवडे × जाऊन-येऊन 14 पौंड = 560 पौंड. दर आठवड्याला टॅक्सीनं आलेल्यांची नोंद ठेवू.” हे 560 पौंड बजेटमध्ये स्वतंत्र ओळीत हवेत. ‘इतर खर्च’ मध्ये दडवलेला उपाय कुणी खरा धरत नाही. आणि उत्तरात उपाय लिहिलाय पण बजेटमध्ये छदाम नाही, हा तर सगळ्यात नेहमीचा दोष.

हॉलबद्दल “व्हीलचेअर जाते” असं वेबसाइटवर वाचून लिहू नका, जाऊन बघा. अपंगांच्या स्वच्छतागृहात घडीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. मदतीची लाल दोरी जमिनीलगत लोंबायला हवी, ती झाडणाऱ्यानं गुंडाळून वर बांधलेली असते. पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही.

हळदीकुंकू ठेवत असाल तर आमंत्रणातला ‘सवाष्ण’ काढा. सेवा देण्याच्या बाबतीत वैवाहिक स्थितीला या कायद्याचं संरक्षण नाही हे खरं, पण विधवांना वगळणाऱ्या कार्यक्रमाला कौन्सिलचे पैसे मागायचे कुठल्या तोंडानं? गणेशोत्सवाचं बजेट दोन भागांत करा: मूर्ती, पूजा, प्रसाद वर्गणीतून, ढोल-ताशाची कार्यशाळा, शाळांसाठीचा कार्यक्रम अनुदानातून. पूजाअर्चेला कौन्सिल सहसा पैसे देत नाही.

सलोख्यासाठी “इतर समाजांनाही आमंत्रण” पुरत नाही. कोणत्या गटाबरोबर, काय आणि कधी, हे त्या गटाला आधी विचारून लिहा.

5. मोजणीचा फॉर्म. येणाऱ्यांचं वय, वंश वगैरे विचारणारा हा फॉर्म पहिल्याच सत्रात भरून घ्या. नंतर तुलनेला काही उरत नाही. नाव नको, हजेरीपटाशी जोड नको, प्रत्येक प्रश्नाला ‘सांगायचं नाही’ हा पर्याय हवा. वंशाचे गट जनगणनेतलेच ठेवा म्हणजे वॉर्डच्या आकड्यांशी ताडता येतात. वंश, धर्म, आरोग्य, लैंगिक कल ही यूके जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्याखाली विशेष संरक्षणाची माहिती आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मचे फोटो फिरवणं बंद करा. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर अहवालात आकडा देऊ नका, माणूस ओळखू येतो. चेहरा बघून अंदाजानं खुणा करणं तर अजिबात नको.

6. अहवाल. अर्जात जे चार भाग लिहिले, त्याच क्रमानं. टॅक्सीला माणसं मिळाली नाहीत तर ते अखेरीस सांगू नका. मध्येच अनुदान अधिकाऱ्याला ईमेल करून ते पैसे दुसऱ्या उपायाकडे वळवायची लेखी परवानगी घ्या आणि तो ईमेल अहवालाला जोडा.