स्मूदनिंग सोडताना: मुळं कुरळी, टोकं सरळ आणि मधला सांधा

माझं पार्लर इंदूरला सुदामा नगरात, घराच्याच पुढच्या खोलीत आहे. स्मूदनिंग, म्हणजे रसायन लावून केस कायमचे सरळ करणं, मी करते. आजही करते, मागणारीला नाही म्हणत नाही. पण अलीकडे उलट्या बाजूची गिऱ्हाइकं वाढली आहेत. "मावशी, आता पुन्हा नाही करायचं. माझे आधी होते तसे करून द्या ना." तसे करून देता येत नाहीत. हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकते, म्हणजे निदान महागडे मास्क आणि सीरमं घेण्याचा खर्च तरी वाचतो.

केसाच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या असतात आणि त्यांना एकमेकींशी जखडून ठेवणारे गंधकाचे बंध. स्मूदनिंगचं पहिलं क्रीम, ज्याचा तो उग्र वास घरभर पसरतो, त्यात बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते हे बंध तोडतं. मग प्रेस मारून केस सरळ करायचा आणि दुसऱ्या क्रीमने, म्हणजे न्यूट्रलायझरने, बंध त्याच सरळ अवस्थेत पुन्हा पक्के करायचे. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो स्वतःला दुरुस्त करत नाही. म्हणून तेवढा भाग कापला जाईपर्यंत सरळच राहणार. कुरळेपणा येईल तो मुळातून, नव्या केसात.

आधी तुमच्या डोक्यावर नक्की काय झालंय ते ओळखा. पार्लरमध्ये एक क्रीम लावून धुतलं, प्रेस केली आणि मग दुसरं क्रीम लावून परत धुतलं, असं आठवत असेल तर ते कायमचं काम. दुसरं क्रीम नव्हतंच, एकच द्रव लावून वाळवून प्रेस केली असेल, तर बहुधा 'केराटिन' नावाची तात्पुरती ट्रीटमेंट. ते तीन ते पाच महिन्यांत धुण्याबरोबर उतरत जातं. आठवत नसेल तर केस ओले करून आरशात बघा. कायमच्या कामात वरचा वळणदार केस आणि खालचा काडीसारखा सरळ केस यांच्यात स्पष्ट रेघ दिसते. केराटिनमध्ये अशी रेघ नसते, सगळ्या लांबीभर वळण हळूहळू परत येतं. केराटिनवाल्यांनी मुलायम शाम्पू बाजूला ठेवून साधा शाम्पू वापरावा आणि वाट बघावी. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी आहे.

हिशोब सोपा आहे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला सहा इंच धरा. म्हणजे खांद्यापर्यंत कुरळे हवे असतील तर दोन वर्षांच्या आसपास. त्यात कुरळा केस आखडतो. ओढून सहा इंच भरणारी बट सोडली की चार इंचांची दिसते, आणि मुली म्हणतात माझे केस वाढतच नाहीयेत. वाढतायत. दर दोन-तीन महिन्यांनी एकच बट, कानामागची, ओढून फुटपट्टीने मोजा. रोज आरशात मोजू नका.

एकदम सगळं कापून टाकायचं की हळूहळू? ज्यांना बॉयकट शोभतो आणि घरातून कटकट नाही, त्यांनी चारेक इंच वाढ झाली की खुशाल कापून टाकावं. सगळ्यांत कमी त्रासाचा रस्ता तोच. पण रामबागेतल्या वाड्यात सासूबाई, आतेसासूबाई आणि समोरच्या काकू मिळून तिघींची परवानगी लागते, हेही मला माहीत आहे. तिथल्याच एका सुनेला मी मेच्या सुरुवातीला कापायला सांगितलं. उन्हाळ्याचं निमित्त पुढे केलं की बायका निम्मं बोलतात. हळूहळू जाणाऱ्यांनी दोन महिन्यांनी अर्धा इंच कापावं. तेवढ्या काळात इंचभर वाढ होते, म्हणजे लांबी कमी न होता रासायनिक भाग सरकत खाली जातो. घरात लग्न ठरलेलं असेल तर त्याआधी कात्री लावू नका, नंतर या.

आता सांध्याविषयी, कारण खरं काम तिथेच आहे. नवा केस आणि स्मूदनिंग केलेला केस जिथे भेटतात तो भाग सगळ्यांत नाजूक. वरचा केस वळत असतो, खालचा कमकुवत आणि सरळ, आणि ओढ पडली की तुटतं ते बरोबर तिथेच. दोन वर्षं तुम्ही जे काही कराल ते हा सांधा वाचवण्यासाठी.

म्हणून कोरडे केस विंचरणं बंद. रोजचं विंचरणंही बंद. आठवड्यातून एक-दोनदा नहायचं आणि गुंता तेव्हाच काढायचा, केसांत भरपूर कंडिशनर असताना. केसांचे चार भाग करून पिना लावा. एक भाग सोडा, आधी बोटांनी गुंता मोकळा करा, मग मोठ्या दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून वर वर न्या. दुसऱ्या हाताची मूठ सांध्याच्या जरा खाली घट्ट धरायची, म्हणजे कंगव्याचा हिसका सांध्यापर्यंत पोहोचत नाही. ही मूठ पाच मिनिटांत शिकता येते, पण घाईच्या सकाळी विसरली जाते. म्हणून न्हाणं ऑफिसच्या दिवशी ठेवू नका.

या पद्धतीत पहिल्या आठवड्यात घाबरायला होतं. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच असतं. आठवड्याचे सगळे एकदम हातात आले की पुंजका दिसतो. त्यातले काही केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो केस आपलं आयुष्य संपवून मुळातून सुटलाय, चिंता नाही. गाठ नाही आणि तुकडा आखूड आहे, तर तो तुटलाय. असे तुकडे जास्त आणि सगळे सरळच असतील तर सांधा सुटतोय. तेव्हा अर्ध्याऐवजी इंचभर कापा आणि मुठीची आठवण ठेवा.

नहायच्या आदल्या रात्री खोबरेल तेल, लांबीला, विशेषतः टोकांना. हे आजीचं म्हणून सांगत नाही. रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल अशी तीन तेलं तपासली होती. त्यात खोबरेलच केसातल्या प्रथिनांची झीज कमी करताना दिसलं, कारण ते आत शिरतं. रसायन लावलेला केस पाणी जास्त पितो, फुगतो आणि ओला असताना आणखी कमकुवत होतो. तेलाने ते पिणं कमी होतं. अंड्याचा लेप लावणारी असेल तर लावू दे, पण अंड्याचं प्रथिन केसात शिरण्याइतकं लहान नसतं. त्यापेक्षा त्याचं ऑम्लेट करा.

शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त लांबीला. शिकेकाईचा काढा गाळून घेतला तर चालेल. कोरडी पूड कुरळ्या केसांत अडकून बसते आणि ती काढताना सांधा तुटतो. मेंदी या काळात नको. रासायनिक टोकांवर रंग वेगळाच चढतो आणि जी रेघ लपवायची तीच उठून दिसते.

पाण्याचा मुद्दा बाहेरच्या व्हिडिओत नीट सापडणार नाही, आणि इंदुरात तो मोठा आहे. नर्मदेचं पाणी नळाला एकाआड एक दिवस येतं, बाकी दिवस बोरिंग. बोरिंगचं पाणी जड असतं. गीझरमध्ये आणि बादलीच्या काठाला जो पांढरा थर बसतो, तोच केसांवर बसतो: केस राठ, शाम्पूला फेस नाही, वळणं निर्जीव. दोन उपाय. नर्मदेच्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा आणि निदान शेवटचं धुणं त्या पाण्याने करा. आणि महिन्यातून एकदा असा शाम्पू वापरा ज्याच्या घटकांत 'ईडीटीए' लिहिलेलं आहे. तो कॅल्शियम धरून बाहेर काढतो. त्यानंतर कंडिशनर दुप्पट. फिल्टर बसवायला निघालात तर आधी हे दोन महिने करून बघा.

वाळवताना टर्किश टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही. जुना पंचा किंवा सुती टीशर्ट घ्या आणि केस खालून वर मुठीत दाबा. आजोबांचा धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा बाजारातल्या मायक्रोफायबरपेक्षा सरस असतो, असं माझं मत.

आता दिसण्याचं. वर कुरळं, खाली सपाट, असं डोकं घेऊन इथल्या 'सानंद' संस्थेच्या नाटकाला कसं जायचं? इथे सगळ्या मुली एकच गोष्ट करतात: मुळांवर प्रेस फिरवतात, म्हणजे वरचंही खालच्यासारखं सपाट दिसेल. हे करू नका. वारंवार तापवलेल्या नव्या केसाचं वळणही मरतं आणि दोन वर्षांची मेहनत प्रेसखाली जाते. मुळांना टोकांसारखं करण्यापेक्षा टोकांना मुळांसारखं करा.

रात्री केस अगदी थोडे दमट असताना जवसाची जेल लावून दोन सागरवेण्या घाला, सांध्यापर्यंत सैल आणि खाली जरा घट्ट. टोकं सुती चिंधीवर गुंडाळून गाठ मारा. सकाळी पूर्ण वाळल्यावरच सोडा आणि कंगवा लावू नका, बोटांनीच मोकळं करा. सरळ भागाला लाटा येतात आणि रेघ हरवते. दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी सैल अंबाडा, सॅटिनच्या रबराने. रोज त्याच जागी घट्ट पोनी बांधली की रबर नेमकं सांध्यावर बसतं.

जवसाची जेल अशी: पाव वाटी जवस आणि दोन वाट्या पाणी, मंद आचेवर, ढवळत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार पडू लागली की लगेच उतरवा आणि गरम असतानाच पातळ कापडातून गाळा, गार झाली की गाळता येत नाही. जवस मारोठिया बाजारात सुटे मिळतात, अळशी म्हणून मागा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. बाटलीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरात कोणीतरी रात्री उघडून वास घेत बसतं.

झोपताना उशीला रेशमी अभ्रा. नवा विकत घ्यायची गरज नाही. आईची विरलेली रेशमी साडी असेल, जी नेसवत नाही आणि टाकवतही नाही, तिचे दोन अभ्रे निघतात. आणि स्कूटीवर तोंडाला नि डोक्याला जो सुती स्टोल करकचून बांधतो ना आपण, तो केस सगळ्यांत जास्त घासतो. त्याच्या आत रेशमी तुकडा घाला, वर स्टोल, वर हेल्मेट. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जाणार असाल तर आदल्या रात्री भरपूर खोबरेल, वेणी आणि डोक्याला कापड. रंग आधी नुसत्या पाण्याने निघेल तेवढा काढा. त्या दिवशी तीन-तीनदा शाम्पू करून सांधा संपवू नका.

व्हिडिओंबद्दल एक सावधगिरी. 'ट्रान्झिशन' शोधलं की बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचे निघतात, आणि या कामातल्या किती तरी युक्त्या त्यांच्याकडूनच घेण्यासारख्या आहेत. पण त्यांचं रिलॅक्सर बहुधा सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या तीव्र अल्कलीचं असतं, आपलं थायोचं, म्हणजे थायोग्लायकोलेटचं. थायो झालेल्या केसावर तसलं रिलॅक्सर लावलं तर केस हातात येतो. शिवाय त्यांचे केस अधिक घट्ट वळणाचे, म्हणून त्या शिया बटर वगैरे जड लेप लावतात. आपल्या सैल कुरळ्यांना त्याने चपटं, तेलकट डोकं मिळतं. वेण्या त्यांच्याकडून शिका, लोणी त्यांच्याकडे राहू द्या.

साधारण सातव्या-आठव्या महिन्यात कंटाळा येतो. पावसाळा असेल तर जास्तच, हवेतल्या ओलीने वरचे केस फुलतात, खालचे चिकटतात. नेमकं तेव्हा कुठलं तरी पार्लर म्हणतं, "मधल्या काळात केराटिन करून टाका, हेअर बोटॉक्स करा, फॉर्मल्डिहाइड नाही त्यात." ते घातक रसायन नसेलही. त्याऐवजी बऱ्याचदा ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असतं. २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत छापली, अशा क्रीमनंतर दरवेळी तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. मी ते ठेवणं बंद केलंय. कंटाळा आला तर हनुवटीपर्यंत कापा, निम्मा प्रश्न त्याच दिवशी सुटतो.

शेवटची सरळ टोकं ओल्या केसांवर कापून घ्या, कोरड्यात ती वळणांत लपतात. मानेवर आणि कपाळाशी हमखास उरतात. कापणारीला सांगा, भांग पाडून एकेक थर दाखव. त्यानंतर महिनाभर कुठलंही नवं प्रॉडक्ट घेऊ नका. सरळ टोकांचं वजन उतरल्यावर वळणं जागा बदलतात, डोक्याच्या मागे घट्ट, पुढे सैल, असं काहीही निघू शकतं, आणि लहानपणीच्या फोटोतल्यासारखेच केस निघतील याची खात्री नाही, वयाप्रमाणे वळण बदलतं. त्यात हायलाइट करायचे असतील तर तेही महिन्याने, आणि करणारीला आधीच सांगा की दोन वर्षांपूर्वी थायो झालं होतं. टोकं उरली नाहीत असं तुम्हाला वाटत असलं तरी सांगा, ती एक बट आधी तपासून घेईल.