टर्कीच्या शिकारीसाठी चोक आणि काडतूस कसं निवडायचं

अमेरिकेत टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा स्प्रिंग सीझन जवळ आला की नवीन माणूस हमखास विचारतो, बंदुकीच्या नळीला लावायला सगळ्यात टाईट चोक कुठला घेऊ? अरे, आधी अंतर ठरव.

टर्कीच्या अंगावर नेम धरत नाहीत. पिसं जाड, पंखांची हाडं दणकट, पक्षी जखमी होऊन झुडपात शिरतो आणि वाया जातो. डोकं आणि मान, बास. तेवढ्याशा जागेत भरपूर छर्रे बसले पाहिजेत.

आता चोक. नळीच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी ही छोटी ट्यूब, आतून थोडी निमुळती, म्हणून छर्रे कमी पसरतात. १२ बोरची नळी आतून साधारण ०.७२९ इंच असते, फुल चोक ०.६९५ च्या आसपास आणि खास टर्की चोक ०.६६० किंवा त्याहूनही अरुंद. आटे कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून बंदुकीचं मॉडेल बघूनच घ्या. बसवताना बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा आणि चोक पूर्ण आवळा, सैल राहिला तर नळीची वाट लागते.

काडतुसात नंबर जेवढा मोठा तेवढा छर्रा बारीक. शिशाचे ४, ५, ६ नंबर चालतात, मला ५ बरा वाटतो, पावणेदोन औंसात जवळपास ३०० छर्रे येतात. टंगस्टनचे टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे ९ नंबरचा बारीक दाणासुद्धा लांबवर जोर धरून राहतो आणि २० बोरच्या हलक्या बंदुकीतही काम होतं, पण एकेका काडतुसाला दहा-बारा डॉलर मोजताना हात थरथरतो हो. स्टीलचे छर्रे घट्ट चोकमधून मारू नका, चोकवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच. आणि राज्याचे नियम आधी वाचा, मिसुरीत ४ नंबरपेक्षा जाड छर्रा चालत नाही.

खरं काम पुढे आहे. मोठा कागद लावा, मधे १० इंचांचा गोल काढा, ४० यार्डांवरून एक काडतूस मारा आणि गोलातली भोकं मोजा. ४० यार्ड म्हणजे क्रिकेटच्या दोन पिचांपेक्षा थोडं कमी. शंभराच्या वर भोकं आली तर ठीक, नाही आली तर ३० यार्डांवर या आणि तीच आपली मर्यादा समजा. काडतुसाचा ब्रँड बदलला की सगळं परत मोजायचं, तोच चोक दुसऱ्या काडतुसाला वेडंवाकडं फेकतो. पेनाने टिंब करत मोजा, नाहीतर साठनंतर गोंधळ होतो.

मग १० यार्डांवरूनही एक मारून बघा, हे कोणी करत नाही. मी पण नव्हतं केलं. पहिल्याच वर्षी सगळ्यात टाईट चोक लावून बसलो, गॉबलर, म्हणजे नर टर्की, आवाज देत देत बारा पावलांवर आला, मी मारला आणि तो आरामात उडून गेला. नंतर कागदावर बघितलं तर तेवढ्या अंतरावर सगळा पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा, पेरूएवढा, आणि तो पेरू नेमाच्या डावीकडे तीन बोटं. आता मी साधा फुल चोकच वापरतो, घनदाट रानात पक्षी पंचवीस यार्डांच्या आतच येतो.